बाथरूमलगतच्या भिंतीची ओल : एका घरगुती दुरुस्तीचा अनुभव

आमची सदनिका डोंबिवलीतील एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. आतल्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून आहे आणि ती अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची आहे. या भिंतीच्या खालच्या भागात, स्कर्टिंगपासून साधारण मांडीच्या उंचीपर्यंत, कित्येक वर्षे ओल मुरलेली होती. रंगाला फुगे येत, फुग्यांचे पोपडे होत, पोपड्यांमागून पांढरी भुकटी गळून फरशीवर साचे आणि पावसाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी धरत असे. सासूबाईंचा पलंग त्याच भिंतीलगत आहे आणि त्यांना दम्याचा जुना त्रास आहे. त्यामुळे ही ओल माझ्या दृष्टीने केवळ खोली वाईट दिसण्याचा प्रश्न नव्हती.

दिवाळीपूर्वी रंगारी येत, पोपडे खरवडत, पुट्टी भरत, ओल रोखणारा म्हणून विकला जाणारा प्रायमर लावून वरून रंग देत आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत भिंत पुन्हा फुगत असे. दोन कंत्राटदारांनी पाहणी करून अंदाज दिले. एकाच्या मते संपूर्ण बाथरूम कोब्यापर्यंत, म्हणजे टाइलखालच्या सिमेंटच्या थरापर्यंत, फोडायला हवे होते, तर दुसऱ्याच्या मते भिंतीला भोके पाडून त्यांत रसायन भरले की पुरणार होते. पाणी नेमके कोठून येते याचा तपास मात्र दोघांपैकी कोणीही केला नाही. समोरच्या इमारतीत गिलाव्याचे काम करणारे एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांना मी एकदा भिंत पाहायला बोलावले. त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला, बाथरूममध्ये जाऊन तेथील फरशी पाहिली आणि म्हणाले, “ताई, आधी पाणी बंद करा, मग भिंतीला हात लावा. ओल्या भिंतीवर केलेलं काम टिकत नाही.” पुढचे सारे काम मी या क्रमाने केले. नळाचा वायसर बदलणे, फ्लशच्या टाकीतील फ्लोट बसवणे, दाराची कडी दुरुस्त करणे ही कामे मी पूर्वीपासून घरी करत असे, पण गिलाव्याला हात लावण्याची ही पहिलीच वेळ होती.

ओल येण्याची कारणे आमच्यासारख्या घरात साधारण चार असू शकतात. बाहेरच्या भिंतीतून किंवा डक्टमधील (इमारतीचे नळ जातात त्या उभ्या पोकळीतील) नळांतून पावसाचे अथवा सांडपाण्याचे पाणी झिरपते. भिंतीत गाडलेल्या पाण्याच्या नळाला गंज चढून तो गळतो. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांतून आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून जाते त्या जाळीखालच्या तोंडाच्या, कडेने पाणी खाली उतरते. किंवा खोलीतील हवेतल्या बाष्पाचे थंड भिंतीवर पाणी होते. या चारही कारणांची लक्षणे दिसायला सारखी असली तरी त्यांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. त्यामुळे एकेक कारण तपासून बाजूला काढणे हेच मी खरे काम मानले आणि त्याला फेब्रुवारीत सुरुवात केली, कारण तेव्हा पाऊस थांबून बराच काळ लोटलेला असतो. त्या काळातही भिंत तितकीच ओली राहिली, त्यामुळे पावसावरचा संशय बराच कमी झाला.

हवेतील बाष्पाची शंका दूर करण्यासाठी जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा ओल्या भागावर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या आणि तो दोन दिवस तसाच ठेवला. प्लास्टिकच्या खोलीकडील बाजूला पाणी जमले तर ते हवेतील असते, आणि भिंतीकडील बाजूला जमले तर ते भिंतीतून आलेले असते. आमच्या भिंतीवर प्लास्टिकच्या आतल्या बाजूने बारीक थेंब दाटले होते आणि बाहेरची बाजू कोरडी होती.

गाडलेल्या नळाचा तपास अधिक नाजूक होता. नळातील पाणी सतत दाबाखाली असते, म्हणून नळ गळत असेल तर बाथरूम वापरले काय किंवा न वापरले काय, ओल कायम राहते. सांध्यांतून पाणी जात असेल तर ओल वापराप्रमाणे कमीजास्त होते. मी पेन्सिलीने ओलीच्या कडेकडेने भिंतीवर रेघ काढली आणि तिच्याशेजारी तारीख लिहिली. त्यानंतर घरातील सर्वांनी अंघोळीसाठी शेजारच्या वहिनींचे बाथरूम वापरले. आमच्या बाथरूमच्या नळांचा पाणीपुरवठा चालू ठेवला, पण तोट्या पूर्ण बंद ठेवल्या आणि फरशीवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. हळूहळू ओलीची कड पेन्सिलीच्या रेघेपासून खाली सरकू लागली. नळ दाबाखाली असूनही ओल कमी होत होती, याचा अर्थ नळ शाबूत होता आणि पाणी वापरातूनच मुरत होते. ओलीचा आकारही तेच सांगत होता. नळाची गळती असती तर नळाच्या उंचीवर डाग पडून तो सर्व बाजूंना पसरला असता. आमची ओल मात्र तळाशी सर्वांत गडद होती आणि समईच्या वातीत तेल चढावे तशी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढलेली होती.

आता उरले बाथरूमचे सांधे आणि ट्रॅप. त्यासाठी फरशीवर पाणी साठवून पाहायचे होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी आधी कळवले, कारण त्यांच्या छतावर एक जुना डाग होताच आणि चाचणीच्या काळात तो वाढण्याची शक्यता होती. त्या म्हणाल्या, “अगं, तू कर. मी सकाळ-संध्याकाळ बघून सांगते.” ट्रॅपची जाळी काढून प्लास्टिकच्या पिशवीत ओली वाळू भरली, ती ट्रॅपच्या तोंडात घट्ट दाबून बसवली आणि वरून शाडूच्या मातीचा जाड थर दिला. शाळेत मुलांकडून गणपतीच्या मूर्ती करून घेतो तेव्हा उरलेली शाडू घरात होती आणि पाणी अडवायला ती फार चांगली ठरली. मग ट्रॅपपाशी इंच-दीड इंच पाणी उभे राहील इतके पाणी सोडले. फरशीचा उतार ट्रॅपकडे असल्याने ते पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले नाही. पाण्याची पातळी टाइलवर मार्करने खुणावली. त्याच वेळी एका पसरट परातीत पाणी भरून, तिच्या आतल्या बाजूलाही खूण करून, ती बाथरूममध्येच पालथ्या बादलीवर ठेवली. काही पाणी वाफ होऊन उडणारच. ते किती उडाले हे परातीवरून कळते आणि फरशीवरील घट त्यापेक्षा जास्त असेल तर ती मुरलेल्या पाण्याची असते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परातीतील पाणी खुणेपासून जेमतेम हललेले दिसले, पण फरशीवरील पाणी बोटभर उतरले होते. संध्याकाळी काकूंचा निरोप आला की त्यांच्या छतावरील डागाची एक कड गडद झाली आहे. पाणी नेमके ट्रॅपच्या कडेने जाते की भिंतीच्या सांध्याने, हे कळण्यासाठी मी चाचणीचा दुसरा भाग केला. ट्रॅपभोवती शाडूचा गोल बांध घालून फक्त बांधाच्या आत पाणी भरले, आणि ते उतरेपर्यंत वाट पाहिली. नंतर ते काढून टाकून बांधाच्या बाहेर, आतल्या खोलीच्या भिंतीकडील बाजूला पाणी उभे केले. बांधाच्या आतील पाणी थोडे उतरले, भिंतीकडचे बरेच उतरले. म्हणजे मुख्य वाट फरशी आणि भिंत जेथे मिळतात त्या सांध्यात होती आणि दुसरी, लहान वाट ट्रॅपच्या कडेला. कोबा फोडण्याचा अंदाज ज्या खर्चाचा होता, त्याच्या अल्पशा भागात होणारे काम समोर आले. या दोन चाचण्यांना लागले ते पाणी, माती आणि थोडा धीर. कोणत्याही गृहस्थाने किंवा गृहिणीने भिंत फोडू देण्यापूर्वी त्या कराव्यात असे मला मनापासून वाटते.

सांधे का झिजले तेही पाहणे आवश्यक होते, नाहीतर नवे सांधेही त्याच कारणाने झिजले असते. आमच्या बाथरूमच्या टाइल्स एकमेकींना जवळजवळ चिकटवून बसवलेल्या आणि सांधे पांढऱ्या सिमेंटने भरलेले होते. वर्षानुवर्षे फरशीवर ॲसिडयुक्त द्रव टाकून ती घासली जात होती. अशा द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि सिमेंटमधील चुन्याच्या संयुगांशी त्याचा संयोग होऊन सांध्यातील सिमेंट विरघळत जाते. टाइल चकाकते आणि सांधा पोखरला जातो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टाइल्स ठोकून पाहिल्या तेव्हा भिंतीलगतच्या ओळीतील काहींचा आवाज खणखणीत, तर काहींचा बद्द आला. बद्द आवाजाच्या टाइलखाली पोकळी असते आणि त्या पोकळीत पाणी साचून राहते.

सांधे भरण्यासाठी मी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे राळेपासून केलेले सांधे भरण्याचे मिश्रण, निवडले. ते सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरेच महाग असते, पण ते पाणी शोषत नाही आणि घरगुती सफाईच्या द्रवांनी झिजत नाही. शिवाय आमच्या लहानशा बाथरूमला लागणार होते तरी किती? या कामाचा निम्माअधिक वेळ ग्राउट भरण्यात गेला नाही, तो जुने सांधे उकरण्यात गेला. हॅकसॉच्या पात्याचा तुकडा, एका टोकाला जाड कापड गुंडाळून, सांध्यात उभा धरून पुढेमागे ओढायचा. जुने सिमेंट भुकटी होऊन बाहेर येते आणि अरुंद सांधाही थोडा रुंद होतो. टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत उकरल्याशिवाय नव्या ग्राउटला पकड मिळत नाही. गुडघ्यांखाली जुनी उशी, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क घेऊन मी रोज थोडे थोडे उकरत गेले. घाईत पाते निसटले तर टाइलच्या कडेचा टवका उडतो, म्हणून एका वेळी थोडेच काम करणे हिताचे असते.

बद्द आवाजाच्या टाइल्स छन्नीने अलगद उचलल्या. त्यांच्याखाली भुसभुशीत झालेला माल (सिमेंट-वाळूचे मिश्रण) निघाला आणि त्याला कुबट वास येत होता. तो पूर्ण खरवडून, जागा ब्रशने झाडून, पंखा लावून वाळवली. तिच्यावर सिमेंट आणि पॉलिमरचे दोन घटक मिसळून तयार होणारे जलरोधक लेपन दिले. पहिला हात आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा दिला, म्हणजे ब्रशच्या रेषांमध्ये राहिलेल्या फटी झाकल्या जातात. हे लेपन फरशीवरून भिंतीवरही वीतभर चढवले. टाइल्स पुन्हा बसवताना साधे सिमेंट न वापरता टाइल चिकटवण्याचा तयार माल दातेरी पत्र्याने पसरून वापरला, जेणेकरून टाइलखाली पोकळी राहू नये. ट्रॅपच्या तोंडाभोवतीचा सैल माल काढून तेथे बारीक वाळू आणि सिमेंटच्या मिश्रणात पाण्याबरोबर लॅटेक्स (पकड वाढवणारा रबरी द्रव) घालून केलेला घट्ट माल दाबून भरला, आणि जाळीच्या चौकटीची पातळी आजूबाजूच्या फरशीपेक्षा किंचित खाली राहील याची काळजी घेतली. चौकट वर राहिली तर तिच्याभोवती पाणी साचत राहते आणि केलेले काम पुन्हा उकलते.

इपॉक्सी ग्राउटमध्ये राळ, तिला घट्ट करणारा दुसरा द्रव आणि भुकटी असे तीन भाग असतात. आधी दोन्ही द्रव एकजीव करायचे आणि मग त्यात भुकटी मिसळायची. मिसळल्या क्षणापासून ते घट्ट होऊ लागते आणि उन्हाळ्यात ते आणखी लवकर होते, म्हणून मी सकाळी लवकर काम सुरू केले आणि वाटीभरापेक्षा जास्त मिश्रण एका वेळी केले नाही. प्रमाण बदलून चालत नाही; डब्यांतील भाग थोडेथोडे वापरायचे असतील तर ते स्वयंपाकघरातील लहान काट्यावर मोजून घ्यावेत आणि तो काटा झाकून ठेवावा. रबरी पट्टीने मिश्रण सांध्यात तिरके दाबायचे, सांध्याच्या तळापर्यंत गेले की वरचे निपटून घ्यायचे आणि पाचदहा सांधे झाले की लगेच किंचित ओल्या स्क्रबरने गोलाकार पुसायचे. पुसायला उशीर झाला तर टाइलवर जी चिकट धुरकट झाक बसते ती नंतर निघता निघत नाही. हातात रबरी मोजे असायलाच हवेत, कारण ही राळ वारंवार त्वचेला लागली तर कायमची ॲलर्जी जडू शकते. खिडकीही उघडी हवी.

फरशी आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात मात्र मी इपॉक्सी भरले नाही. त्या दोन पृष्ठभागांची हालचाल वेगवेगळी होते. उष्णतेने, वजनाने, इमारतीच्या सूक्ष्म हालचालींनी तेथे ताण येतो आणि कडक माल तडकतो. कोपऱ्यात बुरशीरोधक सिलिकॉन भरले, कारण ते रबरासारखे ताणले जाते. दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून मध्ये सिलिकॉनची सलग धार सोडली, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती एकदाच, न थांबता दाबत नेली आणि ते ओले असतानाच पट्टी ओढून काढली. ही रेघ सरळ आणि स्वच्छ उमटली तेव्हा मला फार समाधान वाटले. पाकिटावर लिहिलेला काळ पूर्ण होईपर्यंत बाथरूम कोरडे ठेवले आणि नंतर पाणी साठवण्याची चाचणी पुन्हा केली. या वेळी परातीतील आणि फरशीवरील पाण्याची घट सारखी होती.

पाणी थांबले होते, पण भिंतीत पूर्वी मुरलेले पाणी तेथेच होते. शिवाय त्या भिंतीची एक बाजू टाइल्सनी बंद असल्याने सगळा ओलावा खोलीच्या बाजूनेच बाहेर पडणार होता. पाणी विटा आणि सिमेंटमधील क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते, पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक तेथे उरतात. हे स्फटिक वाढताना गिलावा आणि रंग यांना आतून ढकलतात. पांढरी भुकटी म्हणतो ती हीच, तिला आपल्याकडे लोणा म्हणतात. वरून पाणी न जाऊ देणारा रंग लावला की ओलावा आतच अडकतो, रंगामागे स्फटिक धरतात आणि फुगे येतात. आमच्याकडे रंगकाम दरवर्षी का वाया जात होते, त्याचा उलगडा मला येथे झाला.

गिलावा काढण्यापूर्वी त्या भिंतीवरील स्विचबोर्ड बंद करणे आवश्यक होते. मुख्य पेटीतील त्या खोलीचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा स्विच) खाली केला, टेस्टरने खात्री केली आणि बोर्डाच्या तारा सोडवून सुरक्षित करण्याचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. ओल्या भिंतीतील वीज हा हौसेने हात घालण्याचा विषय नाही. त्यानेच सांगितल्यावरून घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिॲम्पिअरचा, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विचही बसवून घेतला.

ओलीच्या कडेच्या फूटभर पुढेपर्यंत चौकोनी रेघ आखून त्या रेघेवर आधी छन्नीने खाच पाडली आणि मग आतील गिलावा विटांपर्यंत काढला. खाच आधी पाडल्याने शेजारचा चांगला गिलावा हादरून सुटला नाही. विटांच्या सांध्यांतील भुसभुशीत मालही नखभर खोल उकरला. विटांवरील लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाकला. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. त्यानंतर भिंत उघडी ठेवून तिच्यावर पंखा सोडला. काही दिवसांनी विटांवर पुन्हा पांढरी साय येत असे आणि मी ती पुन्हा झाडत असे. दर खेपेला ती कमी होत गेली. एप्रिलचा कोरडा उकाडा या कामी आला. सासूबाईंचा पलंग बाहेरच्या खोलीत हलवला होता, उघड्या विटा पाहून येणारा-जाणारा विचारत असे, आणि लवकर गिलावा करून मोकळे व्हावे असे घरातील सर्वांनाच वाटत होते. तरीही प्लास्टिकचा चौकोन पुन्हा लावून, दोन दिवसांनी त्यामागे एकही थेंब न दिसल्यावरच मी सिमेंट आणले.

सिमेंट सुटे घ्यायचे असले तरी ते ताज्या पोत्यातले आहे ना हे पाहून घ्यावे. दमट हवेत राहिलेल्या सिमेंटमध्ये गुठळ्या होतात आणि त्याची ताकद उतरते. एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेली वाळू घमेल्यात आधी कोरडीच, रंग एकसारखा होईपर्यंत मिसळली आणि मग पाणी बेताने घातले. मूठ दाबल्यावर गोळा टिकावा, पण त्यातून पाणी सुटू नये, इतपत माल मऊ ठेवला. विटा आदल्या दिवशी आणि काम सुरू करण्यापूर्वी ओल्या केल्या, कारण कोरडी वीट मालातील पाणी ओढून घेते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. इतके दिवस वाळू दिलेल्या विटांना आता पुन्हा पाणी लावणे विचित्र वाटले, पण हे पाणी थोडे आणि वरवरचे असते.

मिस्त्रींनी एका दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत येऊन थापी कशी धरायची ते दाखवले. माल भिंतीवर लावायचा नसतो, तो फेकायचा असतो. मनगटाच्या झटक्याने फेकलेला माल विटांच्या सांध्यांत शिरून पकड घेतो, नुसता थापलेला माल वर बसतो आणि आपल्याच वजनाने घसरतो. खालून सुरुवात करून वर जायचे. पहिला थर देऊन तो खरबरीत ठेवला, तो थोडा घट्ट झाल्यावर दुसरा दिला आणि दोन्ही मिळून जाडी १२ ते १५ मिलिमीटर ठेवली. दोन्ही बाजूंच्या जुन्या गिलाव्यावर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी टेकवून ती खालून वर सरकवत नेली, म्हणजे उंचवटे निघून येतात आणि खड्डे दिसतात. खड्ड्यांत पुन्हा माल भरून पुन्हा पट्टी फिरवायची. शेवटी लाकडी गुरमाळा गोलाकार फिरवून पृष्ठभाग सारखा केला. अर्ध्या तासात संपेल इतकाच माल कालवत गेले, कारण आवळू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ केला तर त्याची ताकद जाते. जुना आणि नवा गिलावा मिळतात तेथे जुनी कड ओली करून माल अंगठ्याने दाबला. केसाएवढी भेग पडते ती याच रेषेवर. स्कर्टिंगच्या टाइल्स लावताना गिलावा जमिनीपर्यंत न नेता खाली बोटभर जागा सोडून तीत सिलिकॉन भरले, जेणेकरून खोली पुसतानाचे पाणी वर चढू नये.

पुढचे सात दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ फवाऱ्याच्या बाटलीने गिलाव्यावर पाणी मारले. नंतर तो चार आठवडे तसाच वाळू दिला, कारण ताजा गिलावा अल्कधर्मी असतो आणि त्यावर लवकर दिलेला रंग टिकत नाही. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपरने घासणे, प्रायमर आणि रंग ही कामे जूनच्या पहिल्या पावसापूर्वी उरकली. त्यांत नवीन सांगण्यासारखे काही नाही. एवढेच सांगते की पुट्टी घासताना उडणारी धूळ फार बारीक असते, म्हणून तेव्हाही मास्क घालावा. ओलीच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस कधीही वापरू नये. ओलावा लागला की ते भुसभुशीत होते.

यानंतर पूर्ण पावसाळा गेला. भिंत कोरडी राहिली, कोपऱ्यात बुरशी आली नाही आणि सासूबाईंचा पलंग पुन्हा आपल्या जागी गेला. बाथरूममध्ये ॲसिडची बाटली आणणे आम्ही बंद केले असून फरशी साध्या डिटर्जंटने आणि मऊ ब्रशने धुतो. कोपऱ्यातील सिलिकॉन वर्षातून एकदा तपासायचे आणि ते कोठे सुटलेले दिसले तर तेवढा भाग ब्लेडने कापून नवे भरायचे, असे ठरवले आहे. बाहेरच्या डक्टमधील सामाईक सांडपाण्याच्या नळाचा एक सांधा पावसाळ्यात ठिबकताना दिसला. तो परांची बांधून करायचा असल्याने मी त्याला हात लावला नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक नळांची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, आणि सदनिकेच्या आतील शौचालय किंवा सिंक यांमुळे होणारी गळती सदस्याने स्वखर्चाने, म्हणून आमच्या संस्थेकडे त्या सांध्याचा लेखी अर्ज छायाचित्रांसह दिला आहे.

खालच्या काकूंच्या छतावरील डाग वाळला, पण तेथील गिलावा ठोकल्यावर बद्द वाजत होता. मिस्त्रींनी तो काढला तेव्हा स्लॅबमधील एका सळईला गंज चढलेला आढळला. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. अशा वेळी घरगुती हातांनी वरून माल थोपणे धोक्याचे असते, म्हणून ते काम मिस्त्रींनीच केले. सळईभोवतीचे काँक्रीट मोकळे करून, गंज ब्रशने पूर्ण घासून, तिला गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमरयुक्त मालाने जागा भरून काढली. ते पाणी आमच्या फरशीतून गेलेले होते, त्यामुळे त्या दुरुस्तीचा सगळा खर्च आम्ही दिला.